तुम्ही विचारलंत म्हणून: सोलापुरात पर्यटक यावेत का?

पुण्या-मुंबईचे नातेवाईक नेहमी विचारतात, "बाहेरची माणसं फिरायला आली तर तुम्हा सोलापूरकरांना आवडेल का?"

माणसं येतातच की. सकाळी स्टेशनाबाहेर उभं राहा. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशा हाका चालू असतात. भाविक गाडीत बसतात आणि शहर न बघता पुढं निघतात. परतताना एक चादर, शेंगाचटणीचं पाकीट, की झालं सोलापूर. याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून माझं उत्तर: यावं, जरूर यावं, पण एक अख्खा दिवस शहरासाठी ठेवून यावं.

त्या दिवशी सिद्धेश्वराचं तळ्यातलं मंदिर आणि शेजारचा भुईकोट किल्ला तर कुणीही दाखवील. मी मात्र पाहुण्यांना पूर्व भागात नेईन. तिथं अजून यंत्रमागांची खडखड ऐकू येते, घराघरांत तेलुगू बोलली जाते. चादरीवरची नक्षी छापलेली नसते, विणतानाच उठते, हे मागाजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावावर बाहेरचा माल सर्रास खपतो. विणणारा माणूस ज्यानं पाहिला, तो निदान दुकानात 'ही कुठं विणली?' असं विचारील. पर्यटनाचा पैसा लॉजवाल्यांपाशीच न थांबता इथवर पोचला पाहिजे, असं मला वाटतं. गिरण्या बंद पडलेल्या आमच्या गावाला त्याची गरज आहे.

सगळ्यांचं मत असं नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकू म्हणतात, "नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि पाहुणे कशाला बोलावताय?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. उन्हाळ्यात घागरी भरून ठेवणाऱ्या बाईला सुशोभीकरणाचे फलक दाखवून काय उपयोग? आधी पाणी, मग रोषणाई, यावर माझं आणि काकूंचं एकमत आहे.

आणखी एक. चार हुतात्मा चौकात थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना 12 जानेवारी 1931 रोजी फाशी झाली. 1930 साली इंग्रजांनी इथं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, पुकारला होता, हे शेजारच्या जिल्ह्यांतल्या पोरांनाही ठाऊक नसतं.

गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या (सिद्धरामेश्वरांच्या) यात्रेला, यायचं असेल तर संक्रांतीच्या सुमारास या. सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या, निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलत चालतात. तो आमच्या सिद्धरामेश्वरांचा लग्नसोहळा आहे. गर्दीत आमच्याबरोबर 'हर्र' म्हणा, फोटोही काढा. फक्त काठी पेलणाऱ्याला त्यासाठी थांबवू नका, त्याच्यापुढची वाट मोकळी सोडा.