कॉन्फिगर ‘नो’ म्हणालं, पण का?

जीसीसी या कंपायलरच्या 14 व्या आवृत्तीवर गेल्यावर आमचा जुना सी प्रोजेक्ट एकही एरर न देता बिल्ड झाला, पण प्रोग्राममधली एक सोय गायब. बिल्डच्या आधी छोटे प्रोग्राम कंपाइल करून सिस्टिमवर काय-काय आहे ते तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने एका फंक्शनपुढे ‘नो’ छापलं होतं आणि ती पुढे गेली होती. फंक्शन तर सिस्टिमवर होतंच.

अशा वेळी थेट कॉन्फिग.लॉग ही त्या स्क्रिप्टची नोंदवही उघडावी. कंपायलरला दिलेली कमांड, त्याचा मेसेज, नापास झालेला छोटा प्रोग्राम, सगळा पंचनामा त्यात असतो. आमच्या चाचणीत शेवटी एक्झिट कॉल केलं होतं, पण ते डिक्लेअर करणारं एसटीडीलिब.एच हे हेडर घेतलेलं नव्हतं. डिक्लेअर न केलेल्या फंक्शनवर आधीचा जीसीसी नुसती वॉर्निंग द्यायचा. 2024 मध्ये आलेल्या 14 पासून ती एरर झाली. क्लँग या दुसऱ्या कंपायलरने हे आपल्या 16 व्या आवृत्तीतच केलं होतं. म्हणजे चाचणी पडली हेडरपायी आणि स्क्रिप्टने ठरवलं की फंक्शनच नाही!

हेडर घातल्यावर ‘यस’ आलं. मग हाताने लिहिलेल्या बाकीच्या चाचण्याही तपासायला घेतल्या.

त्यात एक लिंकरची, म्हणजे प्रोग्रामला लायब्ररी जोडणाऱ्या टूलची होती. गणिताची लायब्ररी वेगळी जोडावी लागते का, हे पाहायला कोणीतरी 4.0 चं वर्गमूळ काढलं होतं. आकडा कॉन्स्टंट असल्याने जीसीसी उत्तर स्वतःच काढून मोकळा होतो आणि फंक्शनचं नाव लिंकरपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे चाचणी ती लायब्ररी जोडणाऱ्या ‘-एलएम’शिवाय पास, आणि खरा प्रोग्राम लिंक करताना ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. आकडा व्होलाटाइल, म्हणजे कंपायलरला किंमत गृहीत धरता न येणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, तेव्हा कुठे चाचणी खरं बोलू लागली.

कंपायलरला एखादा वॉर्निंग फ्लॅग कळतो का, या चाचणीची गंमत निराळी. अनोळखी फ्लॅग दिला तर क्लँग कुरकुरतो, पण एक्झिट कोड शून्यच, म्हणजे ‘सगळं ठीक’ असाच देतो, म्हणून चाचणी पास. तिथे वॉर्निंगची एरर करणारा ‘-डब्ल्यूएरर’ लागतो, मात्र तेवढ्या चाचणीपुरताच. सीफ्लॅग्ज, म्हणजे कंपायलरला द्यायचे फ्लॅग, लगेच पूर्ववत करायचे. ‘-डब्ल्यूएरर’ मागे राहिला तर एखाद्या न वापरलेल्या व्हेरिएबलपायी पुढच्या चाचण्या पडतात.

आता प्रत्येक चाचणीला मी आधी अस्तित्वात नसलेलं नाव देऊन बघतो. तरीही ‘यस’ आलं, तर ती चाचणी नव्याने लिहायची. आणि कंपायलर बदलला की बिल्डच्या आधी चाचण्यांचे निकाल असलेल्या जुन्या-नव्या कॉन्फिग.एचचा डिफ, म्हणजे फरक काढतो.