तुम्ही विचारलंत म्हणून: पप्पांच्या स्मरणसभेत मी का बोललो नाही

आत्याने विचारलं, पलटणीतल्या काकांनी विचारलं, शिरोलीला आमच्या फाउंड्रीत एक जण पप्पांना आयुष्यात एकदाच भेटलाय त्यानेही विचारलं, आणि परवा एका लग्नात पंगतीला बसलो तर शेजारच्याने भात कालवता कालवता पुन्हा तेच, की एकुलता एक मुलगा तू, वडिलांच्या स्मरणसभेत दोन शब्द बोलायला काय झालं होतं? आजपर्यंत मी सगळ्यांना घसा बसला होता म्हणून सांगितलं. घसा ठणठणीत होता.

फ्लेक्सवर काय छापलं होतं ते तुम्ही बघितलंच आहे, निष्ठावान डिकन (म्हणजे चर्चचा कारभार बघणारा सेवक), माजी सैनिक, कुटुंबवत्सल. पहिल्या दोनबद्दल माझं काही म्हणणं नाही. 71 च्या युद्धात पहिली मराठा ही पलटण आताच्या बांगलादेशात जमालपूरला होती, हे होते त्यात, आणि ख्रिश्चन माणूस मराठा रेजिमेंटमध्ये कसा असं विचारणाऱ्यांना ते म्हणायचे की छत्रपती शिवाजी महाराज की जय ओरडताना माझा आवाज कमी पडला असं कुणी म्हटलेलं दाखवा. चर्चचं तर बोलूच नका. 2019 च्या पुरात पंचगंगेनं 43 फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी वाढतच होतं तेव्हा हा सत्तरीला आलेला माणूस गुडघाभर पाण्यातून जाऊन बाप्तिस्म्याची रजिस्टरं माळ्यावर ठेवून आला. आई घरी रडत होती. असो.

आता ती गोष्ट. सभेत तिघांनी सांगितली, म्हणून तुम्हाला माहीतच आहे, पण तुम्हाला ती त्यांच्या बाजूची माहीत आहे.

1990, मार्च. मी तेरा वर्षांचा. रविवारचं दान उपासनेनंतर दोघांनी मिळून मोजायचं, वहीत आकडा लिहून दोघांनी सह्या करायच्या, आणि बँक बंद म्हणून थैली रात्रभर आमच्या घरी. सोमवारी सकाळी पप्पा जमिनीवर मिलिटरीचा हिरवा टॉवेल अंथरायचे आणि पुन्हा मोजायचे. चार आणे, आठ आणे, रुपया, दहा-दहाच्या चळती, एका रेषेत, परेडला उभ्या केल्यासारख्या. नोटा मोजताना बोटाला थुंकी लावायची नाही, वाटीत पाणी असायचं. त्या सोमवारी वहीत 347 होते आणि टॉवेलवर 327. तीनदा मोजले. मी दारात दप्तर घेऊन उभा, आणि ते एकदाही माझ्याकडे बघेनात. त्यावरूनच मला कळलं की त्यांना कळलंय.

वीस रुपये रविवारी संध्याकाळीच शाहू स्टेडियमवर संपले होते. दोन मित्रांची तिकिटं, भेळ, सरबत. फुटबॉलची मॅच कुठल्या दोन तालमींची ते लिहीत नाही, कोल्हापुरात त्यावरून अजून भांडणं लागतात.

त्यांनी मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं असं मी बरीच वर्षं म्हणायचो, आता म्हणत नाही, ज्याला मार बसलेला नाही त्यानंच असलं बोलावं. वीस रुपये खिशातून घालून त्यांनी भरणा केला आणि पुढच्या रविवारी, सूचना वाचून झाल्यावर, उभे राहिले. म्हणाले, दान माझ्या ताब्यात असताना कमी पडलं, ते मी भरलंय, पण सेवकाने आपलं घर नीट चालवलेलं असावं असं तीमथ्याच्या पत्रात आहे आणि माझं घर मला नीट चालवता आलं नाही, तरी मला मोकळं करा. बास. माझं नाव घेतलं नाही. मग अख्ख्या चर्चनं मान वळवून आमच्या बाकाकडे बघितलं. आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला तो आवाज मला अजून येतो, कॉटनच्या कडक साडीचा.

वर्षभरानं कमिटीनं त्यांना परत डिकन केलं. मधल्या वर्षात ते माझ्याशी जेव, झोप, अभ्यास कर एवढंच बोलले. त्यांचे पलटणवाले जमालपूरची गोष्ट सांगायचे, की आपण शरण या म्हणून चिठ्ठी धाडली तर तिकडच्या पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. मला वाटायचं, निदान उत्तर तरी आलं.

तिशीत मी मित्रांना सांगायचो की बापानं मला चर्चसमोर उघडं पाडलं. आता नीट आठवून बघतो तर उघडे ते स्वतः पडले होते, मी आईच्या मागं लपलो होतो. हे मला पटतं, आणि तरीही राग जात नाही, दोन्ही एकाच वेळी. गेल्या वर्षी माझ्या पोराने माझ्या पाकिटातून शंभर काढले. मी पाकीट पुन्हा मोजलं आणि गप्प बसलो. हा समजूतदारपणा की भित्रेपणा, मला विचारू नका.

तर सभेत तिघं जण एकामागून एक उठून सांगतायत की बघा किती सच्चा माणूस, घरातल्या कुणाकडून तरी चूक झाली तर स्वतः पायउतार झाला. घरातलं कुणीतरी पहिल्या बाकावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसलेलं. पुढचं नाव माझं पुकारलं. तुम्ही काय बोलला असता?

एक गोष्ट मात्र सांगण्यासारखी होती. शेवटच्या वर्षी ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये रेफरलच्या कागदासाठी बसलो होतो, नंबर येईना, आणि ते एकदम म्हणाले, ती मॅच कोण जिंकलं रं? पस्तीस वर्षांनी. मी म्हटलं, माहीत नाही पप्पा, घरी यायला उशीर होईल म्हणून हाफटाइमलाच उठलो होतो.

"मग वीस रुपये फुकटच गेले की लेका," म्हणाले, आणि नंबर लागला.

पुढच्या महिन्यात वर्ष होतंय, स्मरणाची उपासना ठेवलीय. आत्याचा फोन येऊन गेला, यावेळी तरी बोल म्हणून. मी चहा-बिस्किटांचं बघतो म्हणालोय.