मांडलेल्या मूर्ती

"मावशी, यांना कोणीतरी मुद्दाम असं ठेवलंय ना?"

भाचीने मोबाईलवरचा फोटो मोठा करून बघितला आणि हेच पहिलं विचारलं. तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

फोटो मेक्सिकोच्या ओहाका खोऱ्यातल्या सान होसे मोगोते या गावाचा. घराला लागून असलेल्या पडवीच्या जमिनीखाली भाजलेल्या मातीच्या, साधारण ३००० वर्षांपूर्वीच्या चार लहान मूर्ती. एक मांडी घालून बसलेली. तीन उताण्या, हात छातीवर घेतलेले.

अशा मूर्ती एरवी बहुतेक तुटक्याच मिळतात, घरातल्या केरकचऱ्यात. डोकं एकीकडे, धड भलतीकडेच. या चौघी मात्र जपून मांडल्या आणि मग माती लोटली.

त्याच काळात या गावातल्या मडक्यांवर ओल्मेक या मेक्सिकोतल्या प्राचीन संस्कृतीच्या धाटणीची चिन्हं कोरलेली दिसतात. पण अशा मूर्ती घराघरांतून निघतात. म्हणूनच संशोधक जॉइस मार्कस म्हणतात की बायका यांच्यामार्फत आपल्या पूर्वजांना घरात बोलावत असाव्यात. मला हे मनापासून पटतं.

ओल्मेक म्हटलं की आपल्यासमोर ती अजस्र दगडी डोकी येतात. राजांची. सगळे फोटो त्यांचेच. पडवीत बसून, तळहाताएवढ्या मातीला आकार देऊन, वारलेल्या माणसाला परत बोलावणारी बाई कुठल्या फोटोत असते?

आणि ती बसलेली मूर्ती कोणाची असेल? तिच्या आजीची?