काळ्या गाडीवरचं जाळं

एप्रिलमधल्या एका दुपारी पणजीला पाटोवर गाडी लावली आणि दार बंद करून वळले, तर बॉनेटवर सूर्य थेट उतरला होता. त्याच्याभोवती बारीक रेषांचं गोल जाळं पसरलेलं, कोळ्याने विणावं तसं. मी दोन पावलं सरकले, तर जाळंही माझ्याबरोबर सरकलं. तीन वर्षांची काळीभोर गाडी. घरी ती कायम पत्र्याच्या छपराखाली उभी असते, म्हणून इतके दिवस नजरेला पडलं नव्हतं. त्या दिवशी मन खरंच खट्टू झालं.

त्या रेषा मुळात गोल नसतातच. सगळ्या दिशांना गेलेले हजारो बारीक ओरखडे असतात. उजेडाच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकतात आणि डोळ्याला वर्तुळ दिसतं. पांढऱ्या गाडीवरही ते असतात, पण पांढऱ्यावर पांढरं काय दिसणार? काळा रंग उजेड गिळतो, त्यामुळे ओरखड्याची प्रत्येक कड उठून दिसते. आणि हे ओरखडे रंगावर नसतात, रंगावरच्या पारदर्शक थरावर असतात. त्याला क्लिअर कोट म्हणतात. जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ.

ओरखडे आले कुठून, हे शोधायला लांब जावं लागलं नाही.

आमचं घर साखळीला. सकाळची पूजा आटोपली की बाबा जुन्या बनियनचं फडकं घेऊन अंगणात येतात आणि गाडी पुसतात. कोरडीच. तीन वर्षांत एक दिवस चुकला नसेल. मी पणजीला जायला निघते तेव्हा गाडी लखलखीत हवी, एवढंच त्यांच्या मनात. पण आमच्याकडची धूळ म्हणजे तांबडी माती, आणि डिचोली तालुका म्हणजे खाणींचा. लोहखनिजाचा कण पोलादी सुरीच्या पात्याइतका, कधी त्याहूनही कठीण असतो. तो फडक्यात अडकला की फडकं म्हणजे पॉलिश पेपरच. एका हातात बॉनेटच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ.

आधी मी सोपा मार्ग धरला. गाडी एका ठिकाणी रबिंग-पॉलिशला दिली. परत आणली तेव्हा आरसा. दोन जोरदार पाऊस पडले आणि जाळं जिथल्या तिथे. वर आणखी ढगासारखे पट्टे, मशीन जोरात फिरवल्याचे. ओरखडे काढले नव्हतेच, त्यांत तेलकट पदार्थ भरून झाकले होते. पाण्याबरोबर तो गेला. मला राग पैशाचा आला नाही. न सांगता झाकून दिलं, त्याचा आला.

मग मी स्वतः शिकले. दोन महिने वाचलं, बघितलं, आणि ड्युअल अॅक्शन पॉलिशर मागवला. नवशिक्याने हाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. त्याचं पॅड स्वतःभोवती फिरता फिरता डगमगतंही, त्यामुळे एकाच जागी उष्णता साचून रंग जळण्याची भीती खूप कमी. साध्या रोटरीने, म्हणजे पॅड नुसतं गोल फिरवणाऱ्या मशीनने, क्षणात रंग उडू शकतो, विशेषतः कडांवर, जिथे थर आधीच पातळ असतो. कडांवर आणि प्लॅस्टिकवर मी चिकटपट्टी लावून घेतली.

सुरुवात पॉलिशने होत नाही, धुण्याने होते. धुऊन झाल्यावर तळहात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून हलकेच फिरवा. मला खडबडीत लागलं, बारीक रव्यावरून हात फिरवल्यासारखं. ते घट्ट बसलेले कण क्ले बारने, म्हणजे चिकणमातीसारख्या मऊ वडीने, भरपूर साबणपाणी मारत काढले. क्ले खाली पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा, पुन्हा वापरायचा नाही.

मग बॉनेटच्या कोपऱ्यात फूटभर चौकोन निवडला. मऊ पॅड, सर्वांत सौम्य पॉलिश. मशीन अगदी सावकाश, आडवं मग उभं, चार-पाच फेऱ्या. पुसलं, आणि पाण्यात मिसळलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल मारून तेलही काढलं, नाहीतर झाकलेलं आणि निघालेलं यांतला फरक कळत नाही. मोबाइलचा टॉर्च धरला. निम्मं जाळं होतं. मग थोडं कडक पॅड आणि मधल्या ताकदीचं पॉलिश घेतलं, तेव्हा कुठे टॉर्चचा ठिपका काळ्यात एकटा दिसला. अक्षरशः तळ्यात चांदणं दिसावं तसा. मी किती वेळ बघत बसले कोण जाणे.

पण हे वारंवार करायचं काम नव्हे. दर वेळी क्लिअर कोट थोडा झिजतो आणि तो परत येत नाही. म्हणून खरं काम धुण्याच्या पद्धतीत आहे. गाडी कोरडी पुसायचीच नाही. आधी पाईपने धूळ वाहू द्यायची. मग फेस. त्यासाठी फवारणीचा हातपंप नवा घेतला, कारण कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, पंपात सुपारीवर मारायचं बोर्डो मिश्रण असतं, मोरचूद आणि चुना. तो गाडीजवळही आणायचा नाही. दोन बादल्या, एक शॅम्पूची, एक हातमोजा खळबळायची. वरून खाली धुवायचं, चाकांच्या आसपासचं कापड वेगळं. शेवटी मोठा मायक्रोफायबर टॉवेल पाण्यावर अंथरून नुसता उचलायचा, घासायचा नाही. उन्हात हे काहीच करू नये.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर बसवायच्या कडक पारदर्शक लेपाबद्दल, खूप जण विचारतात. चांगलं आहे, पाणी सरकतं, चिखल कमी धरतो. पण धुळीचं फडकं फिरवलंत तर त्यावरही ओरखडे येतात. आणि जाळ्यावरच कोटिंग केलं, तर जाळं आत बंदिस्त. दसऱ्याला झेंडूची माळ बॉनेटवर आडवी बांधून गाडी चालवणंही मी थांबवलंय. वाऱ्याने दोरा तासभर रंगावर घासत राहतो. माळ आता पुढच्या जाळीला, आणि पूजेनंतर लगेच काढून ठेवते.

बाबांना सांगायचं कसं, हे मात्र सगळ्यांत अवघड गेलं. तीन वर्षांची त्यांची सकाळ होती ती. एका रविवारी मी अर्धं बॉनेट पॉलिश करून, मधोमध पट्टी लावून त्यांना उन्हात बोलावलं. ते वाकून दोन्ही बाजू बघत राहिले. मग म्हणाले, "हे माझ्या फडक्याने?"

"धुळीने, बाबा. फडक्यात अडकलेल्या."

ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी बनियनचं फडकं सायकलच्या कॅरिअरवर दिसलं.

आता रविवारी सहाला पाईप त्यांच्या हातात असतो आणि हातमोजा माझ्या. मोजा बुडवला की बादलीचा तळ ते आधी बघतात. माती दिसली की पाणी स्वतःच ओततात, माझी वाट बघत नाहीत. डिकीवर एक ओरखडा राहिलाय, नख अडकतं इतका खोल. तो काढायला गेले तर खालचा रंग उघडा पडेल, म्हणून तसाच ठेवलाय. गाडीचं छप्पर पॉलिश करायचं अजून बाकी आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत दोन सकाळी मिळाल्या तर होईल.