गार चेनसॉ आणि माझा खांदा

एकदा तापली की माझी चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत) अर्ध्या ओढीत सुरू होते. सकाळी गार असताना मात्र १५-२० वेळा दोरी ओढावी लागायची. खांदा भरून यायचा आणि तोंडून नको ते शब्द निघायचे.

आधी ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगवर संशय घेतला. काढून पाहिला, गॅप ०.५ मिलिमीटर, ठिणगी निळी. म्हणजे प्लग निर्दोष. पण एवढ्या ओढी मारूनही तो कोरडा ठणठणीत होता, आणि खरी खूण तीच होती. पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नव्हतं! चोक, म्हणजे गार इंजिनासाठी हवा अडवणारी झडप, बघितला, पूर्ण बंद होत होता. फिल्टरही साफ. शेवटी टाकीतली इंधननळी बाहेर ओढली, तर कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडाशी केसाएवढी चीर. रात्रभर त्या चिरेतून हवा शिरायची, पेट्रोल टाकीत परत उतरायचं. गरम असताना कार्बोरेटर भरलेला असायचा, म्हणून तेव्हा कुरकुर नाही.

नळी बदलली. हात लागलाच होता म्हणून कार्बोरेटरमधला कडक झालेला डायफ्रॅम, म्हणजे पातळ पडदाही बदलला. पेट्रोल-ऑइलचं जुनं मिश्रण ओतून टाकलं, नवं ५०:१ केलं, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर ऑइल.

आता साखळीचा ब्रेक लावून, चेनसॉ जमिनीवर पायाखाली दाबून, पूर्ण चोकवर ओढतो. तिसऱ्या ओढीला ‘फट्’ आवाज येतो. तो आला की चोक लगेच अर्ध्यावर. पूर्वी, नळी धड असताना, मी पूर्ण चोकवर तसाच ओढत राहायचो आणि प्लग भिजवायचो, ती चूक निव्वळ माझीच.