सेरेंगेटी: सिंहांभोवतीची जत्रा आणि गवताची सत्ता

अरुशाचा मुक्काम आणि न्गोरोंगोरोचे विवर एका वाक्यात उरकतो, कारण मला लिहायचे आहे ते टांझानियातल्या उत्तर सेरेंगेटीतील सप्टेंबरातल्या एका दुपारीबद्दल. मारा नदीजवळ झुडपाखाली सिंहिणी झोपल्या होत्या आणि भोवती गाड्यांची जत्रा भरली होती. आमच्या मंडळींना शिकार पाहायचीच होती, त्यामुळे भर उन्हात तिथेच ताटकळावे लागले आणि मला मनस्वी वैताग आला.

गाडीच्या दुसऱ्या अंगाला एक वाइल्डबीस्ट, म्हणजे काळविटाच्या कुळातला एक मोठा प्राणी, एकटाच उभा होता. त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, कमरेची हाडे वर आली होती आणि वाळक्या गवताचे खुंट ओठांनी चाचपून तो पुनःपुन्हा सोडून देत होता. त्याच्याकडे एकही कॅमेरा वळला नाही. खरे तर इथल्या स्थलांतर करणाऱ्या वाइल्डबीस्टांपैकी बहुतेक मरतात ते सिंह-तरसांच्या तोंडी नव्हे, तर कोरड्या ऋतूतील उपासमारीने. संशोधक मेलेल्या जनावराचे हाड फोडून हे ताडतात: सुदृढ जनावराच्या हाडातल्या मगजात घट्ट पांढरी चरबी असते, उपाशी जनावराच्या मगजात ती आटून नुसता पारदर्शक, चिकट गर उरतो.

1890 च्या दशकात गुरांबरोबर आलेल्या बुळकांडीने हे कळप पार खचवले होते. भोवतालच्या गुरांना लस टोचल्यावर 1960 च्या दशकात रोग हटला आणि 1961 मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेले वाइल्डबीस्ट 1977 पर्यंत तेरा लाखांच्या घरात गेले. सिंह आणि तरसही त्या काळात वाढतच होते, तरी त्यांना ही वाढ रोखता आली नाही. ती रोखली कोरड्या ऋतूतील अपुऱ्या चाऱ्याने. पिल्ले आणि हद्द सोडून सिंहीण कळपामागे शेकडो किलोमीटर जाऊ शकत नाही, हे सिंहांना ती न रोखता येण्यामागचे एक कारण.

मात्र दीडशे किलोंहून लहान ओरिबी, इम्पाला, टोपी या त्याच कुळातल्या प्राण्यांचे गणित उलटे आहे. 1980 च्या दशकात चोरटी शिकार आणि विषप्रयोग यांमुळे उत्तरेकडील हिंस्र प्राणी घटले तेव्हा हे प्राणी वाढले, आणि हिंस्र प्राणी परतल्यावर पुन्हा कमी झाले. जिराफांना त्याचा काहीच फरक पडला नाही.

हे मी गाडीत सांगू लागलो, तेव्हा सिंहिणी बिथरतील म्हणून मलाच गप्प बसवण्यात आले. पुढच्या वेळी खर्च दुप्पट झाला तरी चालेल, पण गाडी स्वतंत्र घेईन.