हा भूखंड कोणाचा?

मेळघाटच्या डोंगररांगेखाली, गाविलगडाच्या दक्षिणेला आमचे गाव आहे. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्यांच्याविषयी लिहायचे आहे त्यांतील निम्मे माझे आप्तेष्ट आहेत आणि उरलेल्यांशी रोजचा नमस्कार आहे. या पट्ट्यात इतिहासाला तोटा नाही. इमादशाहीची राजधानी अचलपूर जवळच आहे. १५ डिसेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेने गाविलगड घेतला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी तह झाला. आमच्या गावातही एक पडकी वेस आणि थोडा परकोट शिल्लक आहे. बाहेरचा माणूस आला की आम्ही त्याला प्रथम तिथे नेतो.

माझी डाळ मिल आहे आणि कित्येक वर्षांपासून स्थानिक उद्योजक संघाचे सचिवपद माझ्याकडे आहे. गावाबाहेरच्या औद्योगिक वसाहतीत कारखाने यावेत म्हणून पत्रव्यवहार करणे, मुंबई-नागपूरच्या मेळाव्यांत आमच्या वसाहतीची माहितीपत्रके वाटणे आणि कोणी भूखंड पाहायला आलेच तर त्यांना फिरवणे, ही कामे त्या पदासोबत आपोआप येतात. विदर्भातील मागास तालुक्यांना राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत मिळणाऱ्या सवलती मला तोंडपाठ आहेत. ‘सवलत आहे, जमीन आहे, माणसे आहेत, तरी उद्योग का येत नाहीत,’ हा प्रश्न मी इतक्या सभांमध्ये विचारला होता की तो माझाच आहे असे लोक समजू लागले होते.

त्या डिसेंबरमध्ये हिंगणघाटहून एक वयस्क कारखानदार आले. त्यांचा व्यवसाय दवाखान्यात लागणारा शोषक कापूस तयार करण्याचा. आमच्या भागातील कापूस गाठी बांधून बाहेर जातो आणि औषधाच्या दुकानात गुंडाळी होऊन परत येतो, तेव्हा त्याच्यावरची प्रक्रिया इथेच व्हावी यापेक्षा वेगळे आम्हाला तरी काय हवे होते? मी फाइल तयार ठेवली होती. पहिल्या पानावर वेशीचे छायाचित्र, मग दोन पाने इतिहास, मग वसाहतीचा नकाशा, शेवटी सवलतींचा तक्ता. त्यांनी पहिली तीन पाने एकदम उलटली आणि चष्मा वर सरकवून म्हणाले, “भाऊ, वेस केव्हाची हाय ते मग पाहू. पाणी कुठचं येते, ते सांगा पहिले.”

पुढचा तासभर त्यांनी मला जे शिकवले, ते कोणत्याही मेळाव्यात ऐकायला मिळाले नव्हते. कापसाच्या तंतूवर मेणाचा पातळ थर असतो. तो असेपर्यंत कापूस पाण्यावर तरंगतो, शोषत नाही. म्हणून कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात तो दाबाखाली उकळायचा, धुवायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडने पांढरा करायचा, पुन्हा धुवायचा, वाळवायचा आणि मग पिंजून त्याच्या लड्या करायच्या. म्हणजे हा धंदा कापसाइतकाच पाण्याचा आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आमच्या दक्षिणेला सुरू होतो, आणि तिथल्या बोअरच्या पाण्याने धुतलेल्या कापसात क्षार राहिले तर तो माल तपासणीत टिकत नाही. धरणावरून येणारे नळाचे पाणी चालेल का, किती मिळेल, उन्हाळ्यात त्यात कपात होते का, वापरलेले पाणी शुद्ध करून सोडायचे कुठे, असे त्यांचे प्रश्न होते. माझ्या फाइलमध्ये त्यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते. शकुंतला रेल्वेच्या अरुंद रुळांकडे पाहून त्यांनी फक्त, “हे आता चालत नाही ना?” एवढे विचारले आणि उत्तराची वाट पाहिली नाही. जी गाडी या भागातला कापूस मूर्तिजापूरला पोचवण्यासाठी आखली गेली, तिच्या रुळांवर आता गवत आहे, हे त्यांना दिसतच होते.

तरीही जागा त्यांना पसंत पडली. त्यांना सलग दोन एकर हवे होते. मी नकाशा पसरला आणि तिथे माझी खरी अडचण सुरू झाली, कारण नकाशावर तेवढी मोकळी जागा कुठेच नव्हती. जवळपास प्रत्येक चौकोनावर कोणाचे तरी नाव होते. प्रत्यक्षात मात्र चालू कारखाने बोटांवर मोजण्याइतके, आणि बाकी सगळीकडे बाभळी, कुंपणाचे वाकलेले खांब आणि शेळ्या. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले, त्याच्याकडून भूखंड मिळतो तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने आणि ठरावीक मुदतीत बांधकाम करण्याच्या अटीवर. ९५ वर्षांपुढे सात-आठ वर्षांचे काय, असे म्हणून आम्ही मुदतवाढीचे शुल्क भरत राहतो आणि रस्ता रुंद होऊन जागेचा भाव वाढण्याची वाट पाहतो. हे मी त्यांना सांगितले नाही. मी म्हणालो, “काही भूखंडधारकांची प्रकरणे प्रलंबित आहेत.”

ते चालत निघाले. डाळ मिलच्या मागे, मुख्य रस्त्याला आणि नळाच्या वाहिनीला लागून असलेला एक तुकडा पाहून ते थांबले. लगतचा भूखंडही रिकामा होता. दोन्ही मिळून दोन एकरांच्या वर भरत होते. तिथे कमरेच्या वर वाढलेली तूर शेंगांनी लगडली होती. त्यांनी मला विचारले असते तर मी काय उत्तर दिले असते, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. पण त्यांनी तुरीत उभ्या असलेल्या माणसाला विचारले, “हा पिलाट कोणाचा हाय जी?”

तो हसला आणि माझ्याकडे बोट करून म्हणाला, “यायचाच तं हाय! भाऊचाच.”

विस्तारासाठी म्हणून नऊ वर्षांपूर्वी घेतलेला माझा भूखंड. विस्तार झाला नाही, जागा पडीक दिसू नये म्हणून त्या माणसाला पेरू दिले. नियमात हे बसत नाही. भाडे मी कधी घेतले नाही, पण दर हिवाळ्यात घरी सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, पिशवी येई आणि आम्ही आवडीने खात असू. हिंगणघाटचे गृहस्थ रागावले नाहीत. त्यांनी एक शेंग तोडली, सोलली आणि म्हणाले, “दाणा चांगला भरला.” मला ते बोलणे रागावण्यापेक्षा जड गेले.

घरी थोरल्या बंधूंना मी भूखंड परत करण्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी जमिनीचे भाव मला ऐकवले. भूखंड परत केला तरी तो महामंडळाकडे जाणार आणि पुढे कोणाला द्यायचा ते महामंडळ ठरवणार, हा त्यांचा मुद्दा चूक नव्हता. आणि बांधकाम न करता हस्तांतर करायचे तर त्याचे शुल्क व परवानगी वेगळी. आठवडाभर आमचे बोलणे बंद होते. संघाच्या पुढच्या सभेत मी रिकाम्या भूखंडांची यादी वाचली आणि पहिले नाव माझे ठेवले. दुसरे नाव खजिनदारांचे होते. सभा नेहमीपेक्षा लवकर संपली, चहा तसाच राहिला.

मार्चमध्ये मी हस्तांतराच्या परवानगीसाठी अर्ज केला. लगतच्या भूखंडधारकाने अजून होकार दिलेला नाही. हिंगणघाटहून दोनदा फोन आला, दोन्ही वेळा पाण्याच्या तपासणीसाठी. मेमधील नळाच्या पाण्याचा नमुना मी स्वतः बाटलीत भरून पाठवला.

मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हा तूरवाला मिलवर आला आणि यंदा काय पेरू, असे त्याने विचारले. तूर पेरली तर जागा जानेवारीपर्यंत अडकते. मी त्याला मूग पेरायला सांगितले. तो सत्तर दिवसांत निघतो.